गाडीच्या अंगावरचे नाव

(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण. काही भगिनींच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले.)



आपल्या कार्यवाहबाईंनी मला विचारले, "तुमचे भाषण कशावर ठेवू?" मी म्हटले, "गाडीच्या चेसिस नंबरावर." त्या क्षणभर थांबल्या, आणि त्यांनी वहीत 'आरोग्य' असे लिहून टाकले. त्यांना मी दोष देत नाही. गाडीचे कागद हा पुरुषांचा प्रांत, अशी समजूत आपल्या घराघरांत अजून आहे. गाडी आपण चालवू, पेट्रोल भरू, मुलांना शाळेत पोचवू. पण कागदांची पिशवी कपाटात 'त्यांच्या' कप्प्यात. मीही अकरा वर्षे असेच केले आणि त्याचे मोल मला पुढे द्यावे लागले, म्हणूनच आज हा विषय घेतला आहे. मी यंत्रातली जाणकार नव्हे. स्कूटर चालू झाली नाही तर शेजारच्या मुलाला हाक मारायची, एवढीच माझी विद्या. तेव्हा जे सांगते ते आपल्या भाषेत सांगते.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची रीत आहे. लग्नात आलेल्या पातेल्यावर आहेर करणाराचे नाव, तारीख, गावसुद्धा. पूर्वी कासार छिन्नी आणि हातोडीने ठिपक्याठिपक्यांनी नाव घालीत. आता दुकानात यंत्राने घालतात. त्याचा उपयोग किती, ते आपल्याला ठाऊकच आहे. मंडळाच्या कोजागिरीला बारा घरची बारा पातेली येतात, सारखीच दिसतात, आणि परत जाताना प्रत्येकजण ते पालथे करून किंवा काठ फिरवून नाव वाचते. पातेल्याला कागदाची चिठ्ठी चिकटवली असती तर ती पहिल्याच विसळण्यात गेली असती.

गाडीचा चेसिस नंबर म्हणजे नेमके हेच. चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा. त्या सांगाड्याच्या लोखंडावर कारखान्यातच सतरा अंक-अक्षरे ठोकलेली असतात. हल्ली बऱ्याच गाड्यांवर ती त्या जुन्या कासारासारखी ठिपक्यांचीच असतात. एम. एच. ने सुरू होणारी पुढची-मागची पाटी ही त्या चिठ्ठीसारखी. ती आर. टी. ओ. कडून मिळते, आणि गाडी कायमची दुसऱ्या राज्यात नेली तर बदलतेही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना जी पक्की बसवलेली, अशोकचक्राचे चकाकते चिन्ह असलेली पाटी येते, ती सहजी काढता येत नाही हे खरे. पण जुन्या गाडीसाठी ती पाटी मागवायची झाली तरी प्रथम चेसिस नंबरच लिहून द्यावा लागतो. पाटी गाडीला दिलेली असते, हा नंबर गाडीबरोबर जन्मलेला असतो.

आता माझी हकीकत. आमची स्कूटर २०१२ सालची, यजमानांच्या नावावर. २०२३ साली ते गेले. मालक वारला की तीस दिवसांच्या आत आर. टी. ओ. ला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत गाडी वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा, असा नियम आहे. त्या अर्जाला फॉर्म ३१ म्हणतात. दुःखाच्या दिवसांत हे कुणाला सुचते? पण माझ्या धाकट्या दिरांनी आठवण करून दिली आणि मी वेळेत अर्ज केला. बरोबर गाडीच्या चेसिस नंबराचा पेन्सिलीने घेतलेला छाप लावायचा होता. तो तिथल्याच एका माणसाने घेऊन दिला. खिडकीतल्या बाईंनी छाप एका हातात, आर. सी. दुसऱ्या हातात धरली आणि चष्मा वर सरकवला. म्हणाल्या, "बाई, ही गाडी तुमची नाही."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अकरा वर्षे ज्या स्कूटरवर मी भाजी आणली, सासूबाईंना दवाखान्यात नेले, ती माझी नाही!

झाले होते असे की लोखंडावर सातव्या घरात इंग्रजी 'एस' होता आणि कागदावर त्या जागी इंग्रजी पाचचा आकडा. नोंदणीच्या वेळी कुणी तरी घाईत वाचले होते. इंग्रजी एस आणि इंग्रजी पाच शेजारी लिहून पाहा. घाईत कुणीही फसेल. पण पुढे गंमत अशी की विम्याच्या कागदावरही पाचच होता, कारण विम्यावाल्यांनी आर. सी. वरून उतरवून घेतला होता. प्रदूषणाच्या दाखल्यावरचा नंबरही आर. सी. वरूनच आलेला. कागदाने कागदाची साक्ष दिली; लोखंडाला अकरा वर्षांत कुणीच विचारले नाही. मीही नाही. मधल्या काळात एखादा अपघात झाला असता, किंवा गाडी चोरीला गेली असती, तर विमा कंपनीने हाच प्रश्न काढला असता, आणि मी काय उत्तर दिले असते?

दुरुस्तीला श्रावणापासून दिवाळीपर्यंत वेळ लागला. शेवटी तारले ते एका जुन्या कागदाने. गाडी विकताना दुकानदार एक विक्रीचा दाखला देतो, त्याला फॉर्म २१ म्हणतात. आणि कारखान्याचा एक दाखला असतो, तो फॉर्म २२. या दोन्हींवर नंबर बरोबर होता. यजमानांनी ते पहिल्या पावतीसह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले होते. त्या डब्याला मी किती तरी वेळा 'रद्दीत टाका' म्हटले होते. असो.

या प्रकरणात हेलपाटे घालताना त्या सतरा घरांचा अर्थ काय, हे मी चौकशी करून समजावून घेतले. मला तो इतका आवडला की आता रस्त्यात उभ्या गाडीकडेही मी त्या दृष्टीने पाहते.

पूर्वी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने नंबर घालीत असे, कुणाचा लांब, कुणाचा आखूड. १९७७ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने सतरा घरांची एक पद्धत ठरवली आणि अमेरिकेने १९८१ सालच्या गाड्यांपासून ती सक्तीची केली. पुढे जवळजवळ सगळ्या जगाने ती उचलली. तिच्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे मुळीच वापरत नाहीत. आय आणि एक, ओ आणि शून्य यांत घोटाळा होतो, म्हणून. तेव्हा कुणाच्या आर. सी. वर चेसिस नंबरात 'ओ' दिसला तर तो शून्यच असला पाहिजे, एवढे तरी डोळे मिटून सांगता येते. हे करणाऱ्यांनी एस आणि पाच, बी आणि आठ, झेड आणि दोन यांचाही विचार करायला हवा होता, असे माझे नम्र मत आहे! पण तसे करते तर अक्षरे उरली नसती, हेही खरे.

पहिली तीन घरे म्हणजे गाव आणि घराणे. भारतात बनलेल्या गाडीचा नंबर एम. ने सुरू होतो आणि दुसरे अक्षर बहुधा ए पासून ई पर्यंतचे असते. नुसता एम. पुरेसा नाही, इंडोनेशिया आणि थायलंडच्या गाड्याही एम. च्याच. जपानची जे., जर्मनीची डब्ल्यू. आपल्या दारच्या गाड्या घ्या. एम. ए. ३ ही मारुती सुझुकी, एम. ए. टी. ही टाटा, एम. ए. १ ही महिंद्रा, एम. ए. एल. ही ह्युंदाई. दुचाकींत एम. डी. २ ही बजाज, एम. डी. ६ ही टी. व्ही. एस., एम. ई. ४ ही होंडाची स्कूटर किंवा मोटारसायकल. घरी गेल्यावर आपापली पडताळून पाहा. मुलांना हा खेळ फार आवडतो. म्हणजे कुणी टाटाची म्हणून गाडी दाखवली आणि लोखंडावर एम. ए. ३ निघाले, तर पुढे बोलायलाच नको.

पुढची काही घरे त्या गाडीचे वर्णन सांगतात: कोणता प्रकार, कोणते इंजिन, वगैरे. तो प्रत्येक कंपनीचा आपापला संकेत आहे, त्यात आपण शिरायचे कारण नाही. शेवटची घरे म्हणजे त्या गाडीचा अनुक्रमांक, जो दुसऱ्या कुणाला नसतो.

नववे घर मात्र मला फार आवडले. अमेरिकेत आणि कॅनडात या घरात पडताळ्याचा अंक असतो. प्रत्येक अक्षराला एक किंमत दिलेली आहे, प्रत्येक घराला एक वजन आहे. किमतीला वजनाने गुणायचे, सगळी बेरीज करायची, अकराने भागायचे, आणि जी बाकी उरेल ती नवव्या घरात. बाकी दहा आली तर तिथे 'एक्स'. नववे घर स्वतः मोजायचे नाही. समजा, सतराही घरांत एकच लिहिला. मग नुसती वजनेच मिळवायची: आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, दहा, मग नवव्याचे शून्य, पुढे नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन. बेरीज येते ८९. अकरा आठे अठ्ठ्याऐंशी, बाकी एक. आणि नवव्या घरात एकच आहे! हा पडताळा मी स्वयंपाकघरात पाटीवर करून पाहिला आणि मला शाळेतल्यासारखा आनंद झाला. याचा उपयोग असा की एक अक्षर जरी चुकले तरी बाकी बहुधा जुळत नाही. माझी एस च्या जागी पाच ही चूक तिकडे पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. आपल्याकडे नवव्या घराची ही सक्ती नाही, म्हणून भारतातल्या गाडीला हे गणित लावून उगीच घाबरू नये. ज्यांच्या लेकी-सुना अमेरिकेत आहेत आणि तिथे जुनी गाडी घेणार आहेत, त्यांना मात्र हे जरूर कळवा.

दहावे घर साधारणपणे सालाचे. २०१० चे ए, २०११ चे बी, २०१२ चे सी, असे आय, ओ, क्यू, यू आणि झेड गाळून पुढे चालते. २०२० चे एल, २०२४ चे आर, २०२५ चे एस, २०२६ चे टी. तीस वर्षांनी चक्र पुन्हा फिरते, म्हणून १९८० चेही ए च होते. पण १९८० ची गाडी २०१० ची म्हणून खपवणारा विरळा. महिन्याचेही अक्षर असते, पण ते कोणत्या घरात ते कंपनीगणिक वेगळे, म्हणून त्याच्या मागे लागू नका. गाडी बनल्याचा महिना आणि साल आर. सी. वर लिहिलेलेच असते. हे बघायचे कशासाठी? वर्ष संपता संपता दुकानदाराकडे उरलेल्या गाड्या जानेवारीत 'अगदी नवी' म्हणून येतात. आठ-दहा महिने उन्हापावसात उभी असलेली गाडी घ्यायला हरकत नाही, पण मग किमतीत ती गोष्ट दिसली पाहिजे. डाळीचा पुडा घेताना आपण तारीख बघतो, लाखाची वस्तू घेताना का बघू नये?

आता फसवणुकीकडे वळते, कारण जुनी गाडी घेणाऱ्या भगिनी आपल्यात बऱ्याच आहेत. एक रीत अशी. अपघातात मोडून पडलेल्या गाडीचे कागद कुणी विकत घेतो. मग त्याच रंगाची, त्याच जातीची गाडी चोरून तिच्यावरचा नंबर घासून तिथे मोडक्या गाडीचा नंबर ठोकतो. कागद खरे, गाडी चोरीची. पुढे कधी पोलीस आले तर गाडी जाते आणि पैसेही जातात. म्हणून नंबर नुसता वाचू नका, त्याची जागाही न्याहाळा. अक्षरे एका ओळीत, सारख्या खोलीची आहेत का? तेवढ्याच भागाला नवा रंग लावला आहे का? आजूबाजूला घासल्याच्या किंवा डाग दिल्याच्या खुणा आहेत का? भांड्यावरचे जुने नाव घासून नवे घातलेले आपल्या नजरेतून सुटत नाही; मग हेही सुटणार नाही.

घासला म्हणून नंबर सगळाच जातो असेही नाही. ठोकताना खालचे लोखंडही दाबले जाते. वरचा थर घासून काढला तरी तो दाबलेला भाग आत राहतो, आणि प्रयोगशाळेत त्यावर आम्ल लावले की पुष्कळदा तो बाकीच्या लोखंडाहून वेगळा उठून दिसू लागतो आणि अक्षरे परत उमटतात. चोराला हे ठाऊक असतेच असे नाही.

लोखंडावरचा नंबर किती चिवट असतो, याची एक गोष्ट न्यूयॉर्कची आहे. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी तिथल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात गाडीत ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि सहा माणसे मेली. गाडीचे तुकडे तुकडे झाले होते. त्या ढिगाऱ्यात तपास करणारांना सांगाड्याचा एक तुकडा सापडला आणि त्यावर नंबर शाबूत होता. त्यावरून कळले की गाडी शेजारच्या न्यू जर्सीत भाड्याने दिलेली आहे आणि नेणाऱ्याने ती चोरीस गेल्याचे कळवले आहे. तो मनुष्य आपली चारशे डॉलरची अनामत परत मागायला त्या दुकानात पुन्हा आला, आणि ४ मार्चला पकडला गेला.

आता नंबर बघायचा कुठे? मोटारसायकलला हँडल ज्या नळीत फिरते तिच्यावर. हँडल एका बाजूला पूर्ण वळवले की दिसतो. स्कूटरला बहुधा सीटखाली किंवा सांगाड्यावर खालच्या बाजूला, कधी झाकण काढावे लागते. मोटारीला बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर, किंवा पुढच्या सीटखाली गालिचा उचलला की, किंवा काचेच्या तळाशी बाहेरून दिसेल असा. सापडला नाही तर गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत जागा दिलेली असते. धूळ, वंगण असेल तर ओल्या फडक्याने पुसा. पॉलिश पेपर लावू नका. आपण स्वच्छतेसाठी घासतो आणि बघणाराला वाटते खोडायला घासला. गंजाने वाचता येत नसेल तर आर. टी. ओ. ला विचारा, परस्पर कुणाकडून ठोकून घेऊ नका.

मग पातळ कागद वर ठेवायचा, चिकटपट्टीने दोन्ही कडा धरायच्या आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासायची. लहानपणी आपण नाण्यावर कागद ठेवून करायचो, तसेच. छाप उमटला की आर. सी. शेजारी ठेवून एक एक घर बोटाने मोजत वाचायचे, एकीने मोठ्याने वाचायचे आणि दुसरीने ताडून बघायचे. इंजिन नंबरही आर. सी. वर असतो, तोही त्याच वेळी बघून घ्यावा. विमा आणि आर. सी. एकमेकांशी ताडून मात्र समाधान मानू नका. त्यानेच माझा घात केला.

हा नंबर आणखी एका कामी येतो. गाडीत कारखान्याचा दोष निघाला तर कंपनी त्या गाड्या परत बोलावून भाग फुकट बदलून देते. २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या मोटार वाहन कायद्यातही त्याची तरतूद झाली आहे. जपानच्या टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचा दोष असाच जगभर गाजला. तिच्यातली दारू उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडे आणि मग फुग्याबरोबर धातूचे तुकडे उडत. भारतातल्याही हजारो गाड्या त्यासाठी परत बोलावल्या गेल्या. अशी पत्रे पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातात. जुनी गाडी घेतलेल्या बाईला पत्र येत नाही. पण कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा दुकानात चेसिस नंबर सांगितला की आपली गाडी त्यात आहे की नाही ते कळते.

एक सावधगिरी. नंबर जपून ठेवा म्हणजे सगळ्यांना दाखवा असे नव्हे. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीची कामे करताना पाटीचा नंबर आणि चेसिस नंबराचे शेवटचे पाच अंक विचारतात. पाटी तर सारा गाव बघतो. म्हणून गाडी विकायला काढली की आर. सी. चा फोटो सतरा गटांवर पाठवू नये. घेणारी माणसे प्रत्यक्ष आली की त्यांना दाखवावा.

माझी स्कूटर अखेर माझ्या नावावर झाली. नवी आर. सी. हातात आली तेव्हा मी आधी नाव वाचले नाही, सातवे घर वाचले. तिथे एस होता.

अध्यक्षबाई, माझा वेळ संपत आला आहे. बाहेर अंगणात आपल्या भगिनींच्या पाच स्कूटरी आणि एक मोटार उभी आहे, असे येताना मी मोजून आले. पातळ कागद, चिकटपट्टी आणि सहा पेन्सिली मी पिशवीत आणल्या आहेत. चहा उकळेपर्यंत दहा मिनिटे जातील, ज्यांच्याजवळ आर. सी. आहे त्यांनी माझ्याबरोबर बाहेर यावे.